पोटात ठेवलेली तारीख

केदारखेड्यात वीस वर्षं उर्दू वाचणारा माणूस एकच होता, बद्रीनाथ. राज्य निजामाचं, त्यामुळे भोकरदनच्या तहसिलीतून कागद यायचा तो उर्दूत, आणि गाव सगळं मराठी बोलणारं. शेताची नोटीस असो की कचेरीतल्या पेशीचं बोलावणं, माणूस कागद धोतराच्या सोग्यात बांधून बद्रीनाथच्या ओट्यावर येऊन बसायचा. तरुणपणी तो जालन्यात एका वकिलाकडे सहा वर्षं कामाला होता. दप्तर उचलता उचलता लिपी शिकला, आणि पुढे पुढे तर कारकुनांचं घाईतलं, मोडकं अक्षर त्याला वकिलापेक्षा लवकर लागायचं. गाव त्याला मुनशी म्हणायचं.

तो घाईनं वाचत नसे. आधी चष्मा पुसायचा, सगळा कागद मनात वाचायचा, घडी घालायचा, घरातून पाणी मागवायचा. तेवढा वेळ ओट्यावर कुणी खोकतसुद्धा नसे. मग तो सांगायचा. घरची जमीन बरी होती, कुणाकडून कधी काही घेत नसे. त्याला हवी असायची ती तेवढ्या वेळची शांतता.

त्याचा चुलतभाऊ रामराव दोन घरं सोडून राहायचा. रामरावाचा मुलगा राधाकिसन. त्याला पाटीवर पहिली अक्षरं बद्रीनाथनंच गिरवून दिली होती, हात धरून. पोरगं हुशार निघालं म्हणून रामरावानं त्याला जालन्याला शिकायला ठेवलं. तेविसाव्या वर्षी राधाकिसन उर्दूची परीक्षा पास होऊन गावी परतला तेव्हा सगळ्यात आधी पाया पडला तो बद्रीनाथच्या. बद्रीनाथनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि चारचौघांत म्हणाला की माझंच रोप आहे हे.

राधाकिसनची वाचायची रीत वेगळी होती. कागद हातात घेतला की तो उभ्या उभ्या वाचायचा आणि वाचता वाचताच मराठीत सांगायचा. अर्ज लिहायचा असला तर तिथंच बसून लिहून द्यायचा, समजलं का म्हणून दोनदा विचारायचा. लोकांना ते आवडलं. पहिला गेला तो कडूबा, शेजारचाच शेतकरी. एका सकाळी तो काखेत कागद घेऊन आला, ओट्यावर बसलेल्या बद्रीनाथला रामराम घातला आणि राधाकिसन घरी आहे का म्हणून विचारलं. बद्रीनाथनं हातानं घर दाखवलं.

त्या दुपारी त्याला भाकरी गेली नाही. दोन घास खाल्ले आणि तिसरा छातीखाली अडकून बसला.

पुढच्या चार महिन्यांत बद्रीनाथ पार उतरला. कधी सकाळपासून पोट ढाळायचं, कधी तीन तीन दिवस साफ व्हायचं नाही. खाल्लं की जळजळ, नाही खाल्लं की कळ. त्याची बायको गोपिकाबाईनं ठेचा बंद केला, वरण पातळ केलं, ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून दिल्या, ओवा भाजून दिला. फरक पडला नाही. त्यात नवंच एक सुरू झालं. गावात सर्दीपडशाची साथ यायची आणि चार दिवसांत निघून जायची, बद्रीनाथला मात्र ती महिना महिना सोडायची नाही. तोंड सदा आलेलं. कापणीच्या दिवसांत त्याच्या टाचेत ज्वारीचं धसकट घुसलं. त्याच दिवशी त्याच्या गड्याला, धर्मराजला, विळा लागला होता, चांगला हाडापर्यंत. धर्मराजची जखम आठ दिवसांत सुकली. बद्रीनाथची टाच दीड महिना वाहत राहिली.

त्याला वाटायला लागलं, की कुणीतरी काहीतरी केलं आहे. रामरावाच्या घरी जेवायला गेलो होतो, तिथंच पानात काही आलं असेल. गोपिकाबाईनं मीठमिरच्या उतरवून टाकल्या, पण बोलली नाही. रामरावाची बायको सोनूबाई तशी बाई नाही हे तिला ठाऊक होतं.

शेवटी तिनं गाडी जुंपायला लावली. जालन्याला मस्तगडात त्यांची मुलगी नंदाबाई दिली होती. नंदाबाईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक म्हातारे हकीम बसायचे. वाटेत राजूरला बैल सोडून, भाकरी खाऊन, दिवस मावळायच्या आत गाडी जालन्यात पोचली.

हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, टाच पाहिली. पोट दाबून पाहिलं. काय खाता, कधी खाता, हे विचारलं. मग त्यांनी बद्रीनाथला बाहेर बसायला सांगितलं आणि गोपिकाबाईला विचारलं, की कळ येते तेव्हा घरात काय चाललेलं असतं? ती म्हणाली, मी ताट बघते, घर कुठं बघते? हकीमसाहेब म्हणाले, आता थोडे दिवस घर बघ. एक चाटण दिलं आणि सांगितलं, की तीन आठवडे गावाकडे जायचं नाही.

चाटणाचा गुण म्हणा की जागेचा, दहाव्या दिवशी बद्रीनाथ पोटभर जेवला. नंदाबाईनं भरली वांगी केली होती, चांगली झणझणीत. गोपिकाबाई नको नको म्हणत होती तरी त्यानं दोन खाल्ली आणि स्वस्थ झोपला. जावयाच्या दुकानात बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायचा. विसाव्या दिवशी टाचेवर कोवळी कातडी धरली.

एकविसाव्या दिवशी गाडी केदारखेड्यात शिरली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. रामरावाच्या ओट्यावर सहा-सात माणसं बसली होती, मध्ये राधाकिसन मान खाली घालून लिहीत होता. त्यानं वर पाहिलं, हसून उठला, काका आले म्हणत गाडीकडे आला. बद्रीनाथ अजून खालीही उतरला नव्हता. त्यानं गाडीचा दांडा धरला आणि दुसरा हात पोटावर दाबला.

गोपिकाबाईनं ते पाहिलं. घरात आल्यावर ती म्हणाली, "तुमचं पोट भाकरीनं न्हाई दुखून राह्यलं."

"मंग कशानं?"

"ते तुम्हाला माहिती हाये."

बद्रीनाथ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. टाचेवरची कातडी आठवड्याभरात पुन्हा फुटली.

पौष जवळ आला होता. गावाच्या कडेला धनगरांची पाच-सात घरं होती, त्यातलं एक बायनाबाईचं. पन्नाशीची विधवा, वीसेक मेंढ्या आणि नवऱ्याच्या मागे राहिलेलं एक शेत. त्या शेतावर दिरानं दावा लावला होता. म्हणणं असं की भाऊ निपुत्रिक गेला, जमीन माझी. तहसिलीतून पेशीची नोटीस आली ती घेऊन बायनाबाई राधाकिसनकडे गेली.

बद्रीनाथ आपल्या ओट्यावर दोरी वळत होता. राधाकिसनचा आवाज खणखणीत, दोन घरं पलीकडे सगळं ऐकू यायचं. राधाकिसननं वाचलं, बहमन महिन्याची तेरा तारीख, सकाळी दहा वाजता, कागदपत्रं आणि दोन साक्षीदार घेऊन हजर राहावं.

बद्रीनाथचे हात थांबले. त्या दिवशी शनिवार होता आणि निजामी सनातल्या बहमनची सात तारीख होती. म्हणजे तेराला शुक्रवार येत होता. शुक्रवारी तहसील बंद असते हे गावातल्या पोरालाही माहीत होतं, पण तारखेवरून वार काढायची सवय बद्रीनाथशिवाय कुणाला नव्हती. त्याला कागद बघायचीही गरज नव्हती. भोकरदनच्या कारकुनाचा हात त्याला वीस वर्षं ओळखीचा होता. तो माणूस दोनचा आकडा असा काढायचा की वरचं वळण थोडं लांबलं तर तीन वाटावा. पेशी बाराला होती. राधाकिसन छापील पुस्तकावर शिकलेला, त्याला ते कळणार नव्हतं.

उठून दोन घरं चालत जायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. बद्रीनाथ दोरी वळत राहिला. उद्या सांगू, असं त्यानं मनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं, कुणीतरी आपल्याला विचारायला येईल. नुसतं विचारायला आलं तरी सांगू. दिवसभर तो ओट्यावर बसून राहिला. लोक आले, रामराम घालून पुढे गेले. रामरावाच्या ओट्यावरून हसण्याचा आवाज आला तेव्हा त्याच्या पोटात कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसं झालं. पाच वेळा परसाकडे जाऊन आला.

अकरा तारखेला सकाळी बायनाबाई मेंढ्या घेऊन समोरून निघाली. ओट्यापाशी थांबली.

"मुनशी, तेरा तारखेला भोकरदनला जाऊन राह्यले. मारुतीला नारळ फोडला. तुम्ही बी जरा देवाला सांगा."

बद्रीनाथनं तिच्याकडे पाहिलं. सांगायला तोंड उघडलं सुद्धा. पलीकडच्या ओट्यावर राधाकिसन उभा होता, तिला हात करत होता, सोबत मी येतो असं सांगत होता.

"बरं," बद्रीनाथ म्हणाला.

तेराला, शुक्रवार असला तरी कागदात लिहिलंय म्हणजे कचेरी उघडी असेल असं म्हणत, बायनाबाई, राधाकिसन आणि दोन साक्षीदार पहाटे निघून गेले आणि दुपारी परत आले. तहसिलीच्या दाराला कुलूप होतं. तिथल्या चौकीदारानं सांगितलं की पेशी काल होऊन गेली. दीर हजर होता, बायनाबाई नव्हती, फैसला एकतर्फी झाला. बायनाबाई परतली ती थेट मेंढ्यांच्या वाड्यात जाऊन बसली.

गावात दोन दिवस तीच चर्चा होती. शिकलेल्या पोराला तारीख वाचता येत नाही, बाईचं शेत घालवलं. कडूबा कागद घेऊन बद्रीनाथच्या ओट्यावर आला आणि म्हणाला, की मुनशी, तुमचं ते तुमचंच. दुसऱ्या दिवशी तिघं आले. बद्रीनाथनं चष्मा पुसला, कागद मनात वाचला, पाणी मागवलं. कुणी खोकलं नाही.

त्याला वाटलं होतं की आता पोट शांत होईल. जे हवं होतं ते मिळालं होतं. पण त्या आठवड्यात त्याला ताप भरला आणि उतरेना. टाच सुजून काळी पडायला लागली. पेजसुद्धा पोटात ठरेना. रात्रंदिवस उजव्या कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडून राहायचा. गोपिकाबाईनं त्याला अंथरुणासकट गाडीत घातलं आणि पुन्हा मस्तगड गाठलं.

हकीमसाहेबांनी नंदाबाईच्या घरी येऊन टाच कापून पू काढला, लेप बांधला. मग गोपिकाबाईला म्हणाले, की तू सांग आता, घर बघितलं का? गोपिकाबाईनं नवऱ्याच्या समोरच सांगितलं. रामरावाच्या ओट्यावर माणूस दिसला की यांना कळ येते. जालन्यात तो ओटा दिसत नव्हता, कळ नव्हती. आता तिथं कुणी नाही, सगळी आमच्याकडे येतात, आणि दुखणं दुप्पट झालं. ते का, ते मला कळत न्हाई.

हकीमसाहेब बद्रीनाथकडे वळले. मग त्यांच्या अर्ध्या दखनी, अर्ध्या मराठीत म्हणाले, "पाटील, अन्न पचवायचं, जखम भरायची, बुखार हटवायचा, ह्या सगळ्या कामाला अंगात एकच राखणदार हाय. त्याला तुम्ही दिवसभर शेजाऱ्याच्या दारात उभा केला. मंग तुमच्या घरात कोण राहिला? मी लेप देतो, चाटण देतो. त्याला परत बोलवायचं काम माझ्याच्यानं होत न्हाई."

बद्रीनाथनं भिंतीकडे तोंड केलं. हकीमसाहेब गेल्यावर त्यानं गोपिकाबाईला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं, की मला माहिती होतं. तिला आधी कळलं नाही काय माहिती होतं ते. त्यानं तारखेचं, वाराचं, कारकुनाच्या दोनच्या आकड्याचं सगळं सांगितलं. अकरा तारखेला बायनाबाई ओट्यापाशी थांबली होती, तेही सांगितलं.

गोपिकाबाईनं त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. ती रागावली नाही. उठून चुलीपाशी गेली, बऱ्याच वेळानं परत आली आणि म्हणाली, "ताप उतरला की पयलं तिच्याकडं जायचं. घरी न्हाई जायचं आधी."

तापाला आणखी सहा दिवस लागले. सातव्या दिवशी गाडी केदारखेड्यात शिरली ती सरळ धनगरांच्या घरांकडे गेली. बायनाबाई वाड्यात बसून मेंढीच्या लोकरीतले काटे वेचत होती. बद्रीनाथ काठी टेकत तिच्यासमोर उभा राहिला आणि उभ्यानंच सगळं बोलला. काहीही वगळलं नाही. तिनं काटे वेचणं थांबवलं नाही.

बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "माझा मालक गेल्ता तव्हा कागद तुम्हीच वाचल्ता. मंग बारा वर्षं मी तुमच्याच ओट्यावर आले. एक डाव दुसरीकडं गेले मुनशी. एकच डाव."

तिनं आणखी एक काटा काढून बाजूला टाकला.

"माफी ठिवा तुमच्याजवळ. अर्ज लिहा. जल्दी लिहा."

तिथून तो रामरावाच्या घरी गेला. सोनूबाई दारात आली, डोळे सुजलेले. राधाकिसन पेशी चुकल्यापासून घराबाहेर पडला नव्हता. सोनूबाई हळू आवाजात म्हणाली, की काही खातच नाही, खाल्लं की उलटी करतो, पोट धरून बसतो, अंगावर पुरळ उठून राह्यलं. आत अंधाऱ्या खोलीत राधाकिसन भिंतीला टेकून बसला होता, पाय पोटाशी घेऊन. बद्रीनाथनं तसं बसणं लगेच ओळखलं. कित्येक महिने तो स्वतः तसाच बसत होता.

तो त्याच्याजवळ खाली बसला. बायनाबाईला सांगितलं तेच त्यानं पुन्हा सांगितलं, फक्त इथं आणखी एक गोष्ट होती ती सांगितली. कडूबा पहिल्यांदा तुझं घर विचारत आला, त्या दिवसापासून मी तुझं वाईट चिंतून राह्यलो होतो, असं म्हणाला. राधाकिसननं मान वर केली. मग त्यानं विचारलं, "काका, तो आकडा दोनचा कसा हो? मी चार डाव पाह्यला."

त्याला पहिल्यांदा तोच प्रश्न पडावा याचं बद्रीनाथला फार वाईट वाटलं. मग त्यानं बोटानं जमिनीवरच्या धुळीत दोन काढला, तीन काढला, कारकुनाचा दोन काढला.

अर्ज दोघांनी मिळून लिहिला. एकतर्फी फैसला रद्द करायचा तर तीस दिवसांच्या आत कारण द्यावं लागे, आणि त्यातले वीस होऊन गेले होते. बद्रीनाथ बोलत गेला, राधाकिसन लिहीत गेला. आकडा संदिग्ध होता, वाचणाऱ्याची त्यात चूक नाही, आणि बरोबर तारीख अर्जदाराच्या गावातल्या बद्रीनाथ नावाच्या माणसाला माहीत असून त्यानं ती सांगितली नाही, असं त्यानं लिहायला सांगितलं. राधाकिसननं टाक खाली ठेवला. म्हणाला, आकड्याचंच पुरे आहे काका, तुमचं नाव कशाला? बद्रीनाथनं टाक उचलून ते वाक्य स्वतःच्या हातानं लिहिलं आणि खाली सही केली.

तहसिलीत ते वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं. कचेरीत गावची दहाबारा माणसं होती. तहसीलदारानं चष्म्यावरून बद्रीनाथकडे पाहिलं, नोटिशीतला आकडा निरखून पाहिला, कारकुनाला दाखवला आणि पुढची पेशी दिली. त्या पेशीला बायनाबाई तासभर आधी जाऊन पायरीवर बसली. जमीन तिच्या नावावर कायम झाली.

बद्रीनाथचं पोट लगेच बरं झालं नाही. गावात महिना-दोन महिने लोक त्याच्याकडे बघून बोलणं थांबवायचे, आणि त्या दिवशी हमखास दुखायचं. पण चैत्रात टाच भरली आणि नंतर फुटली नाही. उन्हाळ्यात साथ आली, त्यालाही ताप आला, आणि सगळ्यांसारखा चौथ्या दिवशी उतरला. रोज दुपारी राधाकिसन जुने कागद घेऊन यायचा आणि बद्रीनाथ त्याला कारकुनांचे हात ओळखायला शिकवायचा, हा जाफराबादचा, हा भोकरदनचा, हा मेलेल्या पेशकाराचा. पोरगं भराभर शिकत होतं. कधीकधी ते इतक्या भराभर शिकायचं की बद्रीनाथला बेंबीखाली जुनी कळ जाणवायची. तेव्हा तो ती लपवत नसे. आत जाऊन गोपिकाबाईला सांगायचा, की आज पुन्हा आली. ती त्याला बसायला पाट द्यायची, आणि तो जे काही मनात आलं असेल ते, कितीही हलकं असो, तिला बोलून दाखवायचा. मग जेवायचा.

बायनाबाई पुढे अकरा वर्षं जगली. तिच्या शेताचे, मेंढ्यांच्या चराईचे कागद येत राहिले. सणाला ती गोपिकाबाईकडे यायची, चहा घ्यायची, एका थंडीत तिनं स्वतः विणवून घेतलेली घोंगडीही आणून दिली. बद्रीनाथ घरात असला तर त्याची तब्येत विचारायची. कागद मात्र तिनं त्याला पुन्हा कधी दाखवला नाही.